रोड रॅश : तुमच्या हाणामारीच्या आठवणी

इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने सेगाच्या जेनेसिस या टीव्हीला जोडायच्या गेम कन्सोलवर 1991 साली 'रोड रॅश' हा बाईकच्या शर्यतीत हाणामारी करायचा व्हिडिओ गेम आणला. आपल्यातल्या बहुतेकांनी तो पुढे कॉम्प्युटरवरच खेळला असेल. तेही चालेल, पण कन्सोलवाल्यांनी आधी बोलावं. कुठे खेळलात, कोणाला लाथ घातलीत, सगळं लिहा. 'पुण्याचं ट्रॅफिक म्हणजेच रोड रॅश' हा विनोद तेवढा कृपया नको, पार झिजलाय तो.

सदाशिव पेठ :
मामाने अमेरिकेहून जेनेसिस आणला. तिकडची वीज 110 व्होल्टची, म्हणून आधी तपकीर गल्लीत जाऊन स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर आणला. विटेएवढा जड, आणि असा तापायचा की आजी सारखी 'बंद करा रे ते' म्हणून ओरडायची. त्यात सिग्नल एनटीएससी (अमेरिकेतली टीव्हीची पद्धत) आणि आमचा टीव्ही पाल (आपल्याकडची), दोघांचं रंगांचं जमेना, त्यामुळे चित्र कृष्णधवल. करड्या रस्त्यावर करडे बाईकवाले. त्यातला पोलीस कोणता, ते त्याने हाणल्यावरच कळायचं! रंगीत रोड रॅश मी पहिल्यांदा मित्राकडे पाहिला, तर आकाश निळं बघून चक्रावलोच.

कोथरूड :
गेम कॅलिफोर्नियातला, म्हणजे रहदारी उजव्या बाजूने. मी बाबांच्या स्कूटरवर वाढलेलो, अंगठा आपोआप डावी बाजू धरायचा आणि समोरून मोटार! बाईक एकीकडे, आपण दुसरीकडे. मग आपला गडी उठून धावत धावत बाईक गाठायचा. खरं सांगू? शर्यतीपेक्षा मला ते धावणंच आवडायचं. जवळ पोलीस असला की मात्र पकडलाच आणि दंड. दुरुस्तीच्या बिलाला पैसे उरले नाहीत तर खेळ खलास. हे त्या वयात फार अन्यायाचं वाटे.

सहकारनगर :
पहिल्या भागात दोघांनी आळीपाळीने खेळायचं, आणि दादाची पाळी कधी संपायचीच नाही. 1992 च्या दुसऱ्या भागात पडद्याचे दोन भाग झाले, शिवाय हाणायला साखळी आली. मग दादाला कळलं मी काय चीज आहे ते. समोरच्याने दंडुका उगारला की नेमका तेव्हाच आपण हात चालवायचा, दंडुका आपल्याकडे. दादाला हे आजतागायत जमलेलं नाही.

नारायण पेठ :
पाच रस्ते, पाच पातळ्या, प्रत्येक पातळीला रस्ते लांबत जायचे. पहिल्या चारांत आलं तरच पुढे. खेळ पुढे चालू ठेवायचा तर पासवर्ड. माझे सगळे पासवर्ड भूगोलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर होते. ती वही रद्दीत गेली. 'नववीची वही दहावीत कशाला लागते?' असं आईचं म्हणणं. काय उत्तर देणार!

पिंपरी :
विषयांतर होईल, पण 1995 चा प्लेस्टेशनवरचा 'ट्विस्टेड मेटल' कोणीच काढला नाही? शर्यत नाही, निव्वळ मारामारी; आइसक्रीमच्या गाडीतून क्षेपणास्त्रं. आमच्या गेम पार्लरमध्ये तासावर पैसे घेत, आणि तो तास साठ मिनिटांचा कधीच नसे.

सदाशिव पेठ :
कार्ट्रिज (कन्सोलमध्ये घालायची गेमची डबी) अजून ठेवलं असेल त्यांच्यासाठी : चालत नसेल तर फुंकर मारू नका, थुंकीच्या ओलाव्याने आतल्या धातूच्या पट्ट्या गंजतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस घ्या, हलक्या हाताने पुसा, पूर्ण वाळू द्या. माझं परवाच चालू झालं.