बैलगाडा शर्यतीत वडिलांचा पाय मोडला, खर्च कुणाकडून मागायचा?

शिवनेरीकर:
यात्रेतली गोष्ट आहे, गाव सांगत नाही. वडील घाटाच्या वरच्या अंगाला निशाणापाशी उभे होते. बारी (म्हणजे एका गाड्याची धाव) सुटली, गाड्यापुढे पळणारी घोडी निघून गेली आणि बैलांची जोडी फुटून थेट गर्दीत घुसली. गुडघ्याखालचं हाड मोडलं, रॉड टाकलाय. बिल दोन लाखांच्या वर. कमिटीवाले घरी येऊन नारळ आणि ११ हजार ठेवून गेले, वर स्टॅम्पपेपरवर ‘तक्रार नाही’ म्हणून सही मागतायत. म्हणे, माईकवर सांगितलं होतं, आपापल्या जबाबदारीवर थांबा. गाडामालक म्हणतो, मुक्या जनावराला काय कळतंय. सगळे भावकीतलेच. मोटार अपघातासारखा क्लेम टाकता येतो का?

गाडाशौकीन:
वाईट झालं दादा. पण २०१४ ला बंदी आली, २०२३ ला सुप्रीम कोर्टाने शर्यत कायम केली, मधली वर्षं आम्ही कशी काढली आम्हालाच माहीत. एका केसपायी परत बंद पाडू नका.

तालुका_कोर्टातला:
शर्यतीला परवानगी मिळाली म्हणजे माणूस तुडवायला मिळाली असं नाही. शिवनेरीकर, आधी सही करू नका.

बैलगाडा मोटार वाहन नाही, त्यामुळे एमएसीटीत (मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात) क्लेम चालणार नाही. भरपाईसाठी दिवाणी दावा, कमिटी आणि गाडामालक दोघांवर. फौजदारी वेगळी: जनावर सांभाळण्यात हयगय, भारतीय न्याय संहिता कलम २९१, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. हाड मोडणं ही कायद्याने गंभीर दुखापत, म्हणून १२५ पण बघा. दवाखान्यात एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद) झाली होती ना?

समोरचा वकील म्हणेल, धोका माहीत असून उभे राहिले. इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्सच्या मोटार शर्यतीत गाडी उडून प्रेक्षकांवर पडली, तेव्हा प्रेक्षक अपिलात हरला होता (निकाल १९३३ च्या खंडात आहे). पण तिथे कठडा होता आणि तोवर एकही गाडी त्या कठड्यापलीकडे गेली नव्हती. तुमच्याकडे बॅरिकेड होतं? माहिती अधिकारात जिल्हाधिकाऱ्यांचा परवानगी आदेश मागवा, दहा रुपयांत अटी हातात येतील. माईकवर बोलून हयगय धुतली जात नाही.

आणि पाळीव जनावर असलं की मालकाला त्याची खोड ठाऊक होती का, हा प्रश्न निघतोच. हा बैल आधी कधी फुटला होता?

शिवनेरीकर:
बॅरिकेड कसलं, साधा दोरही नव्हता. एमएलसी आहे. आणि बैलाचं म्हणाल तर अनाउन्सर स्वतःच कौतुकानं ओरडतोय, “हाच तो, मागल्या साली मंडपात शिरलेला!” चुलतभावाच्या मोबाईलमध्ये आहे.

गाडाशौकीन:
मग मालकानं त्याला जुंपायलाच नको होता. आमच्यात असा बैल कडेला बांधतात.

तालुका_कोर्टातला:
तो मोबाईल फॉरमॅट करू देऊ नका, व्हॉट्सअॅपवर फिरलेली कॉपी कमजोर पडते. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र चुलतभावालाच द्यावं लागेल. जबाबात दोराचं आणि मंडपाचं दोन्ही येऊ द्या. भावकी आहे तर दाव्याआधी नोटीस पाठवा. बरेच जण नोटिशीवरच बोलायला बसतात.