क्रोशाच्या पिशवीचा पट्टा गुडघ्याला टेकायला आलाय, मदत हवी आहे

लोकलमधली_सुई

नमस्कार मंडळी,

मी ठाण्यात राहते, ऑफिस घणसोलीला. गाडी ठाण्याहूनच सुटते, त्यामुळे सकाळी बसायला मिळतं आणि ऐरोली-रबाळे येईपर्यंत माझ्या क्रोशाच्या दोन ओळी होतात. दोन सुयांवरचं विणकाम आईकडून शिकले होते, पण इथल्या घामाच्या हवेत स्वेटर घालणार कोण? म्हणून वर्षभर क्रोशावर आहे. केसांचे रबर, मोबाइलचे पाऊच, कानातले असं किडूकमिडूक करत होते आणि ते बरं जमतही होतं.

आता मावशीच्या साठीसाठी खांद्याला लावायची पिशवी करायला घेतली आणि सगळं फिसकटलं. पॅटर्न इंटरनेटवरचा, सुई त्यात सांगितलेली ३.५ मिमीचीच, सूत दुकानदाराने कॉटन म्हणून दिलेलं, मरून रंगाचं. पॅटर्नप्रमाणे ४४ ओळींत पिशवीची उंची २२ सेंमी व्हायला हवी. माझी ३८ व्या ओळीलाच ३८ सेंमी झाली. घाबरून तिथेच थांबले. पट्टा ११० सेंमी विणला होता. मावशीला देण्याआधी दोन दिवस स्वतः वापरून पाहिली (डबा, पाण्याची बाटली, छत्री), तर पट्टा १३१ सेंमी! पिशवी मांडीवर आपटते. वीण इतकी जाळीदार की लिप बाम भोकातून निसटून सीटखाली गेला आणि दोन बायकांना पाय वर घ्यायला लावून मला तो शोधावा लागला.

दुकानदाराने ॲक्रिलिक तर नाही ना माथी मारलं? की माझा हात सैल आहे? सगळं उसवावं लागेल का? साठीला अजून तीन आठवडे आहेत.

वीण_नेरुळची

सुताची शंका असेल तर वीतभर दोरा चिमट्यात धरून जाळून बघ. सिंकमध्ये, पंखा बंद करून. कॉटन कागदासारखं जळतं आणि राख बोटाने चुरगळते. लोकर असेल तर जळक्या केसांचा वास येतो. ॲक्रिलिक वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी राहतो, त्याला गरम असताना हात लावू नकोस.

टाका_चुकला

हात सैलच असणार. २.५ ची सुई घे, विषय संपला.

लोकलमधली_सुई

दोरा जाळला. राख झाली, मणी नाही. म्हणजे कॉटनच आहे, दुकानदाराची मनातल्या मनात माफी मागितली. हात सैल म्हणावा तर याच सुईने केलेले मोबाइलचे पाऊच इतके घट्ट झालेत की फोन ओढून काढावा लागतो.

रुखवतवाली_काकू

अगं, पट्ट्याचं आधी सांगते. क्रोशाचा पट्टा वजनाने वाढतोच, कारण शेवटी ते एकात एक अडकवलेले फास आहेत. ओढले की अरुंद होतात आणि लांबतात. त्यातून तू पाच-सहा टाक्यांच्या आखूड ओळी उलटसुलट करत लांबी वाढवली असशील, तर अजूनच. पट्टा लांबीच्या दिशेने विणायचा. आधी पूर्ण ११० सेंमीची साखळी, मग तिच्यावर चार ओळी, आणि दोन्ही काठांना स्लिप स्टिच (सुई आत घालून दोरा सरळ सुईवरच्या फासातूनही ओढून घ्यायचा, तो बुटका टाका). तरीही डबा-बाटली घालणार असलीस तर मागून इंचभर रुंदीची नवार शिवून टाक. शिलाईचं सामान ठेवणाऱ्या कुठल्याही दुकानात मिळते. नवार आधी पाण्यातून काढून वाळव, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटेल आणि पट्ट्याला चुण्या पडतील. टोकं नुसती विणीला टाचू नकोस, आतल्या अस्तरापर्यंत घे.

आता उंचीचं. मला त्यात वेगळीच शंका येतेय. पॅटर्नमध्ये टाक्याचं नाव काय दिलंय? आणि त्यात ‘सिंगल क्रोशे’ हा शब्द कुठेतरी आहे का, एकदा नीट बघून सांग.

लोकलमधली_सुई

काकू, पूर्ण पिशवी ‘डीसी’, म्हणजे डबल क्रोशे. म्हणून मी खांब (सुईवर वेढा घेऊन घालतात तो उंच टाका) घातले. वरच्या नक्षीत ‘ट्रेबल’ आहे, तिथे दुहेरी वेढ्याचे उंच खांब घातले. ‘सिंगल’ कुठेच नाही. दोनदा वाचलं.

रुखवतवाली_काकू

सापडलं मग! तुझा पॅटर्न ब्रिटिश आहे, आणि तू तो अमेरिकन समजून विणलास.

दोघांच्या पॅटर्नमध्ये नावं तीच असतात, टाके वेगळे. अमेरिकन ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला खांब: सुईवर आधी एक वेढा, मग सुई आत, दोरा बाहेर, आणि तीन फासांतून दोन-दोन करून काढायचं. ब्रिटिश ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला मुका खांब: वेढा नाही, सुई आत घालून दोरा बाहेर, दोन फास झाले की एकदम काढायचा. यालाच अमेरिकन लोक ‘सिंगल’ म्हणतात. ब्रिटिशांचा ‘ट्रेबल’ म्हणजे आपला साधा खांब. ओळख सोपी: पॅटर्नमध्ये ‘सिंगल’ दिसलं की तो अमेरिकन, कारण ब्रिटिश पद्धतीत ते नावच नाही.

खांब मुक्या खांबाच्या साधारण दुप्पट उंच होतो. म्हणून २२ ऐवजी तू चाळिशीकडे निघालीस, म्हणून भोकं पडली आणि म्हणून लिप बाम गेला. सूत बरोबर, सुई बरोबर, हातही बरोबर.

माझ्या आईने माझ्या रुखवतात मांडलेले रुमाल नुसत्या चित्रावरून विणले होते, तिला हे शब्द माहीतच नव्हते. तिचं कधी चुकलं नाही. तुम्ही मुली वाचून विणता, तिथे असं होतं.

टाका_चुकला

माझी २.५ वाली सूचना मागे घेतो. (हो, पुरुष आहे, आणि हो, टोपडी विणतो.)

लोकलमधली_सुई

काकू, तुमच्या पाया पडते. म्हणजे पाऊच घट्ट का झाले तेही कळलं, तो पॅटर्न ‘सिंगल’वाला होता!

पण आता ३८ ओळी उसवायच्या या विचारानेच पोटात गोळा आलाय.

वीण_नेरुळची

उसवलंस तर लगेच विणायला घेऊ नकोस. उसवलेलं सूत नूडल्ससारखं वाकडं असतं, टाके एकसारखे येत नाहीत. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लड कर, चार ठिकाणी सैल बांध, पाण्यात बुडव आणि टांगून ठेव. पावसाळ्यात वाळायला दोन दिवस धर.

आणि नवीन सूत घेतलंस तर मर्सराइज्ड कॉटन घे. कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केलेलं असतं, त्याने सुताला तकाकी आणि बळ येतं. दुकानात पुंजका हातात घेऊन उजेडात धरलास तर चमक दिसेल.

लोकलमधली_सुई

प्रगती कळवते. उसवली नाही! आईने पिशवी बघितली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत कांदे भरून टांगली सुद्धा. म्हणते, “याहून चांगली हवा कुठे खेळणार?” पट्टा तेवढा काढून घेतला.

नवीन सूत आणलं, तोच मरून. मुक्या खांबात काल रात्री ४४ ओळी पुऱ्या झाल्या. टेप लावला, साडेबावीस सेंमी. पेन टोचून बघितलं, आरपार गेलं नाही. पट्टा लांबीच्या दिशेने विणला, मागे नवार. पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या घालून रात्रभर दाराच्या कडीला टांगला, तर ११० चा १११ झाला. आज गाडीत शेजारच्या एकीने हात लावून विचारलं, “विकत देणार का?” किंमत काय सांगावी ते सुचलं नाही, तेवढ्यात घणसोली आलं.

आता शेवटचा प्रश्न. अस्तराला घरात खणाचा तुकडा आहे, हिरवा. मावशीला खण फार आवडतो. चालेल का?

रुखवतवाली_काकू

दिसायला झकास दिसेल. पण आधी पांढरा रुमाल ओला करून खणावर चोळून बघ. हिरवा उतरला तर साधी मांजरपाट लाव आणि खण फक्त आतल्या खिशाला वापर. मरून सुताचीही तीच परीक्षा घे, मावशी पांढऱ्या साड्या नेसत असेल तर नक्कीच.