मूल हवं असेल तर टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनाआधी थांबा

"तपासणीत टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) कमी आलं की इंजेक्शन सुरू करावं, शरीरात असतं तेच तर वरून देतात" असं बरेच जण सांगतात. थकवा जातो, उत्साह येतो, हे मान्य. पण मूल हवं असणाऱ्यांसाठी एक गोष्ट त्यात राहून जाते. बाहेरून हार्मोन मिळालं की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही वृषणांना कामाला लावणारी हार्मोन सोडणं जवळपास बंद करते, आणि वृषणातलं शुक्राणू तयार होण्याचं काम थंडावतं. १९९० च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेने हीच आठवडी इंजेक्शनं पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून तपासली होती!

माझा धाकटा भाऊ ही इंजेक्शनं घेत होता, त्याला हे कुणी सांगितलंच नाही. लग्नानंतर वीर्यतपासणी केली तर शुक्राणूंच्या रकान्यात शून्य. तो कागद हातात घेऊन तो किती तरी वेळ नुसता बसून होता. इंजेक्शनं थांबवल्यावर आकडा परत यायला जवळजवळ वर्ष गेलं. काहींना दोन वर्षंही लागतात. त्यामुळे आधी सकाळी दोन वेगवेगळ्या दिवशी रक्तातलं टेस्टोस्टेरॉन तपासा, सोबत एलएचही बघा, आणि मूल हवंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. क्लोमिफेनच्या गोळ्या किंवा एचसीजीची इंजेक्शनं असे शुक्राणू तयार होणं न थांबवणारे पर्याय असतात.