मदत हवी आहे: हॉर्नब्लेंडभोवतीची काळी कड कशामुळे?

मंडळी, एम.एस्सी.च्या सेमिनारसाठी कॅरिबियनमधल्या माँटसेराट बेटावरचा सूफ्रिएर हिल्स ज्वालामुखी घेतलाय (१९९५ ते २०१०, लाव्हा घुमटांचा उद्रेक). विषय: घुमटाखालचा शिलारस काळानुसार कसा बदलत गेला.

ढोबळ चित्र कळलंय. खोलवरून तप्त बेसाल्टी शिलारस वर येऊन साठ्यातल्या अर्धवट गोठलेल्या अँडेसाइटला (बेसाल्टपेक्षा जास्त सिलिकाचा शिलारस) तापवतो. अँडेसाइटमधली सिलिका एवढी वर्षं ६० टक्क्यांच्या आसपासच राहिली, म्हणजे नुसत्या रासायनिक विश्लेषणातून फार काही हाती लागत नाही. खरी गंमत स्फटिकांत आहे: क्वार्ट्झभोवती पायरोक्सिन खनिजाची झालर, उलट्या पट्ट्यांचे (कडेकडे कॅल्शियम वाढलेले) प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार. ही तापल्याची लक्षणं, इथवर ठीक.

अडलंय ते हॉर्नब्लेंड या पाणी धरून ठेवणाऱ्या गडद खनिजापाशी. खडकाच्या एकाच पातळ छेदात (मायक्रोस्कोपखाली बघायची चकती) एक स्फटिक स्वच्छ, शेजारच्याला बारीक कणांची काळपट कड. शिलारस सावकाश वर आला, दाब कमी होऊन पाणी निसटलं, तरी अशी कड येते. खालून तापला तरी येते. कडेची जाडी मोजून पाहिली, पण दोन्ही कारणांनी ती कमी-जास्त होऊ शकते, त्यामुळे निकाल लागेना. शोधनिबंध चाळले, बहुतेकांची भिस्त मायक्रोप्रोबवर (स्फटिकातल्या एकेका बिंदूचं रासायनिक विश्लेषण करणारं यंत्र).

माझ्याकडे छेदांचे फोटो आणि कॉलेजचा साधा पोलरायझिंग मायक्रोस्कोप एवढंच आहे. मायक्रोप्रोब मिळणार नाही, त्यामुळे तो सल्ला नको. कडेतल्या कणांचा आकार, त्यांची मांडणी किंवा सोबतची खनिजं बघून दाबाची कड आणि तापण्याची कड वेगळी ओळखता येते का? येत असेल तर नेमकं काय पाहू?