घरी मोठे फोटो छापणे : शाईचा खर्च खरोखर परवडतो का?

पर्वती पायथा
आमच्या छायाचित्रण मंडळातील अनेकांनी अलीकडे ए३+ (ए४च्या दुपटीहून थोडा मोठा कागद) आकाराचे फोटो प्रिंटर घेतले आहेत आणि "बाहेर छापण्यापेक्षा घरी स्वस्त पडते" असे जवळपास प्रत्येक जण सांगतो. मला हे पटत नाही. वर्षाकाठी मोजकेच मोठे फोटो छापणाऱ्याने ते लॅबमधूनच करून घ्यावेत, कारण घरच्या छपाईत कागदावर उतरलेल्या शाईपेक्षा वाया गेलेली शाईच महाग पडते.

खोक्यावर "इतकी पाने निघतील" असा जो आकडा असतो तो आयएसओ २४७१२ या आंतरराष्ट्रीय मानकातील नमुना पानांवरून, म्हणजे कार्यालयीन कागदपत्रांवरून काढलेला असतो. फोटोंसाठी आयएसओ २९१०२ ही वेगळी पद्धत आहे, पण तीही ४ × ६ इंची फोटोवर आधारलेली आहे आणि ए३ कागदाचे क्षेत्रफळ त्याच्या आठपट भरते. काठापर्यंत रंग भरलेल्या फोटोला दर चौरस मीटरला ढोबळमानाने १० ते १५ मिलिलिटर शाई लागते असे धरले, तर एका ए३ फोटोला सव्वा ते दोन मिलिलिटर शाई जाते. कॅननच्या प्रो-३०० मध्ये १४.४ मिलिलिटरची दहा कार्ट्रिज बसतात. भागाकार केला तर एका संचात शंभराच्या आसपास ए३ फोटो निघायला हवेत. परंतु महिना-दोन महिने बंद राहिलेल्या प्रिंटरची नोझल (शाई फवारणारी बारीक छिद्रे) साफ करण्यातच त्या १४.४ मिलिलिटरचा मोठा वाटा निघून जातो आणि तो भागाकार कागदावरच राहतो.

कर्वेनगरकर
आपला हिशेब कार्ट्रिजच्या प्रिंटरपुरता बरोबर आहे, पण त्यावरून घरच्या छपाईबद्दलच निकाल देणे मला मान्य नाही. एप्सनच्या एल१८०५० सारख्या टाकीच्या प्रिंटरमध्ये सहा रंग असून प्रत्येकाची बाटली ७० मिलिलिटरची असते, म्हणजे एकूण ४२० मिलिलिटर. ए३ फोटोला दोन मिलिलिटर धरून आणि निम्मी शाई साफसफाईत गेली असे समजूनही शंभरावर फोटो निघतात. अशा प्रिंटरवर चांगला फोटो पेपर वापरला तर शाईपेक्षा कागदच महाग पडतो, आणि कागदाचा खर्च कोणाला चुकला आहे?

शिवाय पैशापलीकडचा मुद्दा आहे. भिगवणच्या रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचा फिका गुलाबी रंग लॅबच्या आपोआप होणाऱ्या रंगदुरुस्तीत भडक होऊन येतो. घरी मी ए३ कागदाचा पोस्टकार्डाएवढा तुकडा कापतो, पंखांचा तेवढाच भाग त्याच्यावर छापून खिडकीतल्या उजेडात पाहतो, आणि मनासारखा रंग आला की मगच पूर्ण कागद घालतो. ही सोय लॅबच्या खिडकीवर मिळत नाही.

लक्ष्मी रोडवरून
मी बरीच वर्षे एका लॅबमध्ये काम केले आहे, त्यामुळे एक फरक सांगावासा वाटतो. आमच्याकडे प्रकाशसंवेदी कागदावर लेझरने प्रतिमा उमटवून तो रसायनांतून काढला जातो. त्यात शाईच नसल्याने काळोखी रात्र असो वा धुक्यातला सिंहगड, दोन्हींचा खर्च सारखाच येतो. इंकजेटमध्ये, म्हणजे शाईच्या घरगुती प्रिंटरमध्ये, पांढरा भाग म्हणजे कोरा कागद असतो, तर गडद आकाशावर शाई ओतावी लागते. म्हणून "एका फोटोला किती शाई लागते" या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही. ते तुम्ही कशाचे फोटो काढता यावर ठरते. रंगदुरुस्तीबद्दल म्हणाल, तर "दुरुस्ती करू नका" असे आधी सांगितले तर बहुतेक लॅब ते ऐकतात. मात्र कॉटन पेपर (कापसाच्या धाग्यांचा कागद) हवा असेल, तर या पद्धतीत तो मिळणार नाही, हे मान्य करतो.

तपकीर गल्ली
शाईच महाग वाटत असेल तर दुसऱ्या कंपनीची बाटली भरावी. निम्म्याहून कमी खर्चात काम होते आणि समोर ठेवून पाहिले तरी फरक कळत नाही.

कर्वेनगरकर
आज कळत नाही, हे खरे. पण भिंतीवर उजेडात लावलेल्या फोटोत स्वस्त डाय (विरघळणाऱ्या रंगाच्या) शाईचे रंग एकसारखे उडत नाहीत. एखादा रंग आधी फिका पडतो आणि सगळ्या फोटोवर वेगळीच झाक चढते. शिवाय कागदाचे आयसीसी प्रोफाइल (कोणता रंग कसा उमटवायचा हे सांगणारी फाइल) मूळ शाईवर बेतलेले असते, त्यामुळे शाई बदलली की नवीन प्रोफाइल करून घ्यावे लागते. तोवर रंग जुळवण्यात जे कागद खर्ची पडतात त्यांची किंमतही त्या बाटलीतच धरायला हवी.

सहकारनगर
अंदाजावर वाद घालण्यापेक्षा मोजून पाहावे. कार्ट्रिज सुटे निघत असेल, तर सोनाराकडे असतो तसा लहान वजनकाटा घेऊन पाच-सहा मोठे फोटो छापण्याआधी आणि नंतर वजन करावे. एक ग्रॅम म्हणजे जवळपास एक मिलिलिटर. कार्ट्रिज पुन्हा बसवताना काही यंत्रे स्वतःहून शाई ओढतात, म्हणून प्रत्येक फोटोनंतर ते काढू नये.

दुसरी गोष्ट विजेच्या बटणाची. गावाला जाताना भिंतीवरचा मेन स्विच बंद करण्याची आपल्याकडे सवय असते. प्रिंटर आधी त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला, तरच हेड (नोझल असलेला भाग) जागेवर जाऊन त्यावर झाकण बसते. छपाई चालू असतानाच वीज गेली तर हेड उघडे राहते आणि एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत नोझल सुकतात. मग नोझल तपासण्यासाठी छापलेल्या (नोझल चेकच्या) कागदावर रेषा तुटक दिसू लागतात आणि एका रंगासाठी केलेल्या साफसफाईत बऱ्याच यंत्रांवर सगळ्या रंगांची शाई जाते.

पर्वती पायथा
आपण सांगितलेली ही शेवटची गोष्टच माझ्या म्हणण्याचा गाभा आहे. दर आठवड्याला काही ना काही छापणाऱ्याला कर्वेनगरकरांचा हिशेब लागू पडतो, हे मला मान्य आहे. परंतु केवळ नोझल सुकू नयेत म्हणून नको असलेले फोटो छापत राहणे हाही शाईचाच खर्च आहे, आणि त्या सगळ्या साफसफाईची शाई जिथे साठते तो मेंटेनन्स बॉक्स किंवा पॅड भरला की त्याचेही पैसे मोजावे लागतात. माझ्या मते मधला मार्ग असा की, ए४ आकाराच्या चाचणी प्रती घरच्या साध्या प्रिंटरवर काढाव्यात आणि बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनात लावायचे मोठे फोटो लॅबमधून छापून घ्यावेत.

कर्वेनगरकर
या मधल्या मार्गालाच माझा सर्वांत मोठा आक्षेप आहे. इंकजेटवरची चाचणी प्रत आणि रसायनांतून निघालेला मोठा फोटो यांचा कागद वेगळा, काळ्या रंगाची खोली वेगळी आणि रंगांची व्याप्तीही वेगळी. घरच्या ए४ वर पसंत पडलेली सावली लॅबच्या मोठ्या कागदावर तशीच येईल याची काहीच हमी नसते. लॅबमध्येच छापायचे असेल, तर चाचणीची पट्टीही त्याच लॅबमध्ये, त्याच कागदावर काढून घ्यावी; तिचे पैसे घरी वाया जाणाऱ्या शाईपेक्षा नक्कीच कमी होतील.