ब्लूजे मारला तर चालतो का?

लिंबोणी

काल एका वाचनगटात फिरत आलेली पोस्ट वाचली आणि रात्रभर डोक्यातून गेली नाही. हार्पर लीच्या 'टू किल अ मॉकिंगबर्ड' या 1960च्या अमेरिकन कादंबरीवर होती. सार असं: मेयेला या गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा खोटा आरोप झालेला काळा टॉम रॉबिन्सन आणि घराबाहेर न पडणारा शेजारी बू रॅडली हे दोघे गाणारे पक्षी, कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात. अशा निरुपद्रवी जिवाला दुखावणं हे सगळ्यात मोठं पाप, आणि मुलांना या कादंबरीतून एवढं एकच शिकवावं. खाली सगळ्यांनी हात जोडलेले. मी जोडले नाहीत. राग आला, तो का आला ते लिहिते.

दहाव्या प्रकरणात टॉमचा वकील ॲटिकस आपल्या मुलांना, जेम आणि स्काउटला, सांगतो, हवे तेवढे ब्लूजे मारा, पण मॉकिंगबर्ड मारणं पाप आहे. ते पाप का, हे शेजारच्या मिस मॉडी समजावतात. हा पक्षी लोकांच्या बागा खात नाही, मक्याच्या कोठारात घरटं करत नाही, आपल्याला ऐकायला गातो फक्त. म्हणजे जगायचा हक्क कशावर ठरला? आपल्याला त्रास नाही आणि वर कानाला गोड, यावर. मग ब्लूजेने काय घोडं मारलंय? तो कर्कश ओरडतो, एवढंच ना?

आता टॉमकडे बघा. डावा हात लहानपणी कापसाच्या जिनमध्ये अडकून कायमचा निकामी. चर्चला जाणारा, बायकापोरांचा, मेयेलाची कामं एक पैसा न घेता करून देणारा. समजा तो उर्मट असता, मजुरीवरून मालकाशी भांडणारा असता, शनिवारी पिऊन पडणारा असता. तरीही त्याने मेयेलाला हात लावलेला नव्हताच. पण मग आपल्या डोळ्यांत पाणी आलं असतं का?

आमच्या सोसायटीतली गोष्ट सांगते. आमच्या मजल्यावर दोन बायका कामाला यायच्या. एक वर मान करून बोलायची नाही. दुसरी पगाराच्या दिवशी हिशेब मागायची, खाडा धरला तर तिथल्या तिथे भांडायची. एक दिवस शेजारच्या काकूंची अंगठी गेली. माझी आई छातीठोकपणे म्हणाली, "पहिली नाही घेणार हो, किती गरीब आहे ती!" दुसरीबद्दल कुणीच काही बोललं नाही. आईसुद्धा नाही. तिला चौकीवर नेलं, संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. चौथ्या दिवशी अंगठी पिठाच्या डब्यात सापडली. काकूंनी कणीक मळताना काढून ठेवली होती, ती आत पडली. ती बाई पुन्हा आमच्या इमारतीत आली नाही. दोघीही तेवढ्याच निर्दोष होत्या. आईने त्या दिवशी मॉकिंगबर्ड वाचवला आणि ब्लूजे मारू दिला. हे वाक्य मला आजवर आईसमोर बोलता आलेलं नाही.

जुना_मास्तर

लिंबोणी, तुमची गोष्ट लागली. पण आईवरचा राग तुम्ही हार्पर लीवर काढताय.

चोवीस वर्षं ही कादंबरी मुलांना शिकवतोय. ॲटिकसचं ते वाक्य हातात नवी एअरगन आलेल्या पोरांना सांगितलेलं आहे. पोरं पक्ष्यांच्या मागे जाणारच हे त्याला ठाऊक आहे, म्हणून तो निदान एक रेघ ओढतो. त्याला राज्यघटना समजू नका. लेखिका तिथे थांबलेलीही नाही. बू रॅडली शेवटी काय करतो? मुलांवर हल्ला करणाऱ्या बॉब यूएलला, मेयेलाच्या बापाला, स्वयंपाकघरातल्या सुरीने मारतो. त्यानंतर शेरीफ टेट म्हणतो की या लाजाळू माणसाला उजेडात ओढणं हे पाप होईल, आणि त्यावर स्काउट म्हणते, हे मॉकिंगबर्डला गोळी घालण्यासारखंच होईल. नुकताच खून केलेल्या माणसाला ती मॉकिंगबर्ड म्हणते! मग निरुपद्रवीपणाची अट राहिली कुठे?

पंचविसावं प्रकरणही बघा. स्काउट एक किडा चिरडायला निघते आणि जेम तिला अडवतो. न्यायालयात टॉमचं जे झालं ते बघून आलेला मुलगा साध्या किड्यालाही हात लावू देत नाही. प्रतीक असं पक्ष्याकडून किड्यापर्यंत वाढत जातं.

माझंही ऐका. नऊ-दहा वर्षांचा असताना गावी बेचकीने होला पाडला. वडील ओरडले नाहीत. तो त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला, अजून गरम होता. पुन्हा कधी बेचकी उचलली नाही. पोरांना आधी असं काहीतरी हातात द्यावं लागतं, हक्काची भाषा नंतर येते. 1960 साली अलाबामात गोऱ्यांचे आणि काळ्यांचे पाण्याचे नळ वेगळे होते. त्या वाचकाच्या तळहातावर हा पक्षी ठेवणं ही लहान गोष्ट नव्हे.

लिंबोणी

मास्तर, जेम त्या किड्याला का वाचवतो ते तुम्ही गाळलंत. स्काउट विचारते का नको चिरडू, तेव्हा तो म्हणतो, ते तुला काही त्रास देत नाहीत म्हणून. परत तेच! किडा काय आणि पक्षी काय, अट हलत नाही.

बूचा मुद्दा मात्र मला अडचणीचा आहे. तो मान्य करावा लागेल.

रानवाटा

मुळात मिस मॉडींना पक्षी माहीतच नव्हता असं म्हणायची वेळ आहे. मॉकिंगबर्ड फळं, बेरी भरपूर खातो. द्राक्षं आणि अंजिरं लावणारे लोक त्याच्या नावाने बोटं मोडतात. आणि गरीब तर अजिबात नाही. विणीच्या दिवसांत मांजर, कुत्रा, माणूस, कुणाच्याही डोक्यावर झेप घेतो. फ्लोरिडातल्या संशोधकांचा 2009 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. एकच माणूस रोज येऊन घरट्याला हात लावून जायचा. दोन-तीन दिवसांत पक्षी त्याला ओळखायला लागले, तो लांब असतानाच उडून हल्ला करायचे, आणि शेजारून जाणाऱ्या बाकीच्यांकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. आपला छळ कोण करतं हे त्याला नेमकं कळतं. प्रतीक म्हणून मला हा खरा पक्षी पुस्तकातल्यापेक्षा मोलाचा वाटतो.

आणि मराठीत त्याला सरसकट 'बुलबुल' म्हणतात त्याचं काय करायचं? मॉकिंगबर्ड दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करतो, बुलबुल करत नाही.

तिसरी_घंटा

अवांतर आहे, पण राहवत नाही. मी भाषांतराचा एक छोटा वर्ग घेते. दहावं प्रकरण दिलं होतं. निम्म्या मुलांनी ब्लूजेचा 'नीळकंठ' केला, कारण इंग्रज आपल्याकडच्या नीळकंठालाच ब्लूजे म्हणत. म्हणजे दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो पक्षी, आणि ॲटिकस सांगतोय हवे तेवढे मारा! वाक्याचा अर्थच फिरला. मॉकिंगबर्डसाठी मी 'दयाळ' सुचवला. पहाटे गाणारा, अंगणातला, सगळ्यांच्या ओळखीचा. शिवाय नावातच दया.

रानवाटा

दयाळ नको. नकलाच हव्यात तर कोतवाल घ्या. शिक्रा, मांजर, इतर पक्षी, सगळ्यांचे आवाज काढतो आणि स्वतःपेक्षा मोठ्या घारीला पिटाळून लावतो. नावातली दया बघून पक्षी निवडणं म्हणजे लिंबोणींनी जी चूक दाखवली तीच पुन्हा करणं.

तिसरी_घंटा

काळा कोतवाल? त्या कादंबरीत? वाचकाला 'कोतवाल' म्हटल्यावर आधी पोलीस दिसेल. भाषांतर पक्षिकोशातून होत नाही, रानवाटा. कानाने होतं.

रानवाटा

कानाने करायचं म्हणून चूक लिहायचं का? सालिम अलींनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली, एवढं विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत तिथले सचिव मिलर्ड यांच्याकडे गेले, आणि तिथून त्यांचं आयुष्य बदललं. पक्ष्याचं नाव नेमकं कळणं हीसुद्धा त्याच्यावर केलेली माया असते. तुमच्यासारखे भाषेचे लोक 'एक पक्षी' लिहून मोकळे होतात, आणि आमची आयुष्यं ते निस्तरण्यात जातात.

काळा_खडू

टॉम रॉबिन्सनला 17 गोळ्या घातल्या. तुरुंगाचं कुंपण चढत होता, एक हात निकामी असलेला माणूस. आणि इथे सात प्रतिसाद झाले, पाच पक्ष्यांवर. हेच मला त्या प्रतीकाबद्दल म्हणायचं होतं. माणसाला पक्षी केलं की लोक पक्ष्याबद्दल बोलत बसतात.

लिंबोणीताई, तुमचा ब्लूजे कादंबरीतच आहे. बारावं प्रकरण. ॲटिकसच्या घरी कामाला असलेली कॅलपर्निया मुलांना काळ्यांच्या चर्चमध्ये नेते. लूला नावाची बाई वाट अडवून विचारते, गोरी पोरं इथे कशाला? त्यांचं चर्च त्यांना आहे, आमचं आम्हाला. साधा प्रश्न. आठवडाभर गोऱ्यांच्या घरात राबणाऱ्या माणसांना एक सकाळ स्वतःची हवी असेल तर त्यात काय चुकलं? पण कॅलपर्नियाचा मुलगा झीबो लगेच सांगतो की ही जुनी भांडखोर आहे, आणि ती पुस्तकातून निघून जाते. पुन्हा दिसत नाही. चिडलेल्या काळ्या माणसाला लेखिकेने एवढीच जागा दिली.

आणि प्रत्यक्षात काय घडलं होतं? 1931, स्कॉट्सबरो, तेच अलाबामा. मालगाडीत फुकट बसलेली नऊ काळी पोरं. गाडीत गोऱ्या पोरांशी मारामारी झाली, मग दोन गोऱ्या मुलींच्या नावाने बलात्काराचा आरोप. आठ जणांना फाशी सुनावली. त्यातल्या एका मुलीने, रूबी बेट्सने, 1933 मध्ये न्यायालयात सांगितलं की असं काही घडलंच नाही. ज्युरीने तरीही दोषी ठरवलं. ती पोरं गात नव्हती. मारामारी करणारी, बेकार, रेल्वेतून भटकणारी पोरं होती, आणि तरी निर्दोष होती. त्यांच्यावर कादंबरी लिहायची तर मॉकिंगबर्ड चालला नसता.

जोतीरावांनी 1873 साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना. आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा म्हणून. त्यात मुक्तीची भाषा आहे, गरिबाची कीव नाही. बाबुराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' 1963चं, म्हणजे या कादंबरीनंतर तीनच वर्षांनी. त्यातली माणसं वाचकाला दया यावी म्हणून गोड होत नाहीत. मला शाळेत शिक्षक म्हणायचे, "तुमच्यातला असून किती शांत आहेस." मी सातवीपर्यंत शांत होतो. आठवीत एकदा उलट बोललो, तेव्हापासून वर्गातली प्रत्येक हरवलेली पेन्सिल माझ्या दप्तरात शोधली गेली.

जुना_मास्तर

खडू, पेन्सिलीचं वाचून मान खाली गेली. मीही मास्तर आहे, दप्तरं मीही तपासली आहेत.

पण "पक्षी केलं" हे मला मान्य नाही. टॉमचा घात कशाने होतो? साक्षीत तो म्हणतो, मला तिची दया आली. सरकारी वकील गिल्मर तिथेच झडप घालतो: तुला तिची दया आली? काळा माणूस गोऱ्या बाईची कीव करतो, हे त्या गावाला सहन होत नाही. तिथे टॉम गाणारा पक्षी उरत नाही. खालून वर बघायच्या ऐवजी समोरासमोर बघणारा माणूस होतो आणि त्याचीच शिक्षा भोगतो. टॉमच्या मृत्यूची तुलना शिकाऱ्यांनी आणि पोरांनी गाणारे पक्षी मारण्याशी करतो तो अंडरवूड, गावचा पेपरवाला. काळ्यांचा स्वतःला तिटकारा असलेला माणूस. लेखिकेने ती उपमा जाणून त्याच्या तोंडी घातली असेल, हा विचार करा. गोऱ्यांना पक्ष्याचंच दुःख कळतं, म्हणून तो पक्ष्याचंच बोलतो.

काळा_खडू

"घातली असेल." हे तुम्ही तिच्या पदरात टाकताय, मास्तर. अंडरवूडचा मुद्दा चांगला आहे, मी तसा वाचला नव्हता. पण पुस्तकाचं नाव अंडरवूडने ठेवलेलं नाही.

पेकानची_सावली

मी अलाबामात, हंट्सव्हिलला राहते. आतापर्यंत नुसती वाचत होते. हार्पर लीचं मनरोव्हिल इथून दूर दक्षिणेला, पण एका वसंतात मुद्दाम गेलो. जुन्या न्यायालयाचं आता संग्रहालय आहे. दरवर्षी गावातले लोक या कादंबरीचं नाटक करतात. पहिला अंक बाहेर हिरवळीवर, खटला आत न्यायालयाच्या दालनात, आणि ज्युरी प्रेक्षकांतून निवडतात. माझा नवरा वर गॅलरीत जाऊन बसला. कादंबरीत काळे लोक बसतात तिथे. खाली जागा होती. मी विचारलं इथे का, तर म्हणाला, मला दुसरीकडे बसवेना.

निकाल ठरलेलाच असतो, सगळ्यांना माहीत असतं. तरी 'दोषी' हा शब्द आला तेव्हा माझ्या शेजारच्या काळ्या आजींनी डोळे पुसले नाहीत. त्या खाली ज्युरीतल्या माणसांकडे बघत होत्या, एकेकाकडे, सावकाश. रानवाटांचा तो फ्लोरिडाचा पक्षी वाचून मला त्या आठवल्या.

रानवाटा

तिसरी_घंटा, मघाशी "तुमच्यासारखे" म्हणालो ते मागे घेतो. कोतवाल मागे घेत नाही.

तिसरी_घंटा

ठीक. वर्गात दोन्ही मसुदे ठेवीन, पोरांना ठरवू दे. ब्लूजेचा नीळकंठ मात्र होऊ देणार नाही.

जुना_मास्तर

दरवर्षी पाच गुणांना एक प्रश्न असतो, 'मॉकिंगबर्ड हे कशाचे प्रतीक आहे?' मुलं 'निष्पापतेचे' लिहितात, मी पाच देतो. तो प्रश्न मी काढणार नाही, लिंबोणी. तुम्ही आणि खडूने कितीही सांगितलंत तरी नाही. त्याच्या खाली एक वाढवतो: लूला चर्चच्या दारात जे विचारते त्याला उत्तर द्या.

काळा_खडू

किती गुणांना?

जुना_मास्तर

दहा.

लिंबोणी

मास्तर, उत्तरं आली की इथे टाका. मी आज संध्याकाळी आईकडे जातेय.