छायाप्रकाशाचं छोटं स्केच जमतं, मोठं चित्र सपाट होतं – मदत हवी आहे

रेघोटी:
चित्राआधी तीन छटांचं छोटं स्केच करते: पांढरी, मधली, गडद. स्केच लांबूनही उठून दिसतं. तेच मोठं रंगवलं की सगळं सपाट आणि मळकट. आकार तेच, जागा त्याच. चित्र रविवारी द्यायचंय, लवकर सांगा. नुसतं ‘सराव करा’ नको, प्लीज.

कुंचला:
माध्यम कोणतं? स्केच कशाने करता? विषय काय? स्केच आणि कागद यांचं लांबी-रुंदीचं प्रमाण एकच आहे ना?

अमूर्त:
स्केच हवंच कशाला? मोठा ब्रश घ्या, थेट कागदावर उतरा. मी स्केच सोडलं तेव्हा चित्रात जीव आला.

कुंचला:
अमूर्त, स्केच करू की नको हे त्यांनी विचारलेलंच नाही.

काळापांढरा:
चित्राचा फोनवर फोटो काढून ब्लॅक-अँड-व्हाइट करा. लाल फूल आणि हिरवी पानं करड्यात एकजीव झालेली दिसतील. दोष तिथेच सापडतो.

निळीशाई:
फोन उजेड स्वतःच कमीजास्त करतो आणि रंगाचा करडा प्रत्येक ॲपमध्ये वेगळा येतो. डोळे किलकिले करून बघा, पुरतं.

काळापांढरा:
नाही पुरत. डोळे किलकिले केले तरी रंग दिसतोच आणि भडक रंग फसवतो. स्केच व चित्र एकाच फोटोत घ्या, म्हणजे दोन्हींना उजेड सारखाच.

रेघोटी:
जलरंग. ६बी पेन्सिल. झाडांमधून जाणारी वाट, वाटेवर ऊन. प्रमाण सारखंच आहे.

रंगपेटी:
मी ॲक्रिलिकवाला. रंग वाळल्यावर गडद होतो, म्हणून थोडा फिकाच लावा.

कुंचला:
रंगपेटी, जलरंगात उलट असतं, ऐकलं तर चित्र अजून फिकं होईल! रेघोटीताई, जलरंग वाळला की उजळतो. ओला असताना स्केचइतका गडद वाटणारा डाग वाळून मधल्या छटेत जातो, म्हणून सपाट. शिवाय झाडं पिवळसर हिरव्याने रंगवत असाल तर लेमन यलो कितीही दाट लावा, गडद होणार नाही. गडद भागासाठी अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळा, पाणी कमी. त्याच कागदाच्या तुकड्यावर तिन्ही छटा लावून पूर्ण वाळू द्या, मग स्केचशेजारी धरा. गडद पुरेसा नसेल तर तिथेच कळेल. आणि गडदाचा एक डाग लवकर टाका, नाहीतर मधली छटा कशाशी ताडणार? मळकटपणा बहुतेक अर्धओल्या रंगावर पुन्हा ब्रश फिरवल्याने येतो. एका वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या एका हातात, थांबा.

निळीशाई:
मी तर दोनच छटा घ्या म्हणेन, फक्त काळा-पांढरा. जपानी नोतान. अमेरिकेत आर्थर वेस्ली डाऊ यांनी १८९९च्या पुस्तकातून तो चित्रकलेच्या विद्यार्थ्यांपर्यंत नेला.

कुंचला:
नोतान सुंदरच, पण उन्हाच्या वाटेला मधली छटा लागते. झाडाची सावली आणि खोड, दोन्ही काळंच करणार का?

रेघोटी:
हिरवा पिवळसरच आहे. तुकड्यावर लावून बघते. वाळलेल्या फिक्या डागावर आता दुसरा थर देता येईल का, की नवा कागद घेऊ?

अमूर्त:
नवा कागद, स्केचशिवाय.

कुंचला:
थर चालेल. कागद पूर्ण कोरडा हवा, हात हलका आणि ब्रश एकदाच. पांढरं राखलेलं ऊन मात्र झाकू नका, ते परत मिळत नाही.